खान्देशातला सर्वात उंच नैसर्गिक बिंदू कसा ठरवायचा?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या खान्देशातल्या कुठल्याही पोराला शिखरांची यादी विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल. कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, हरिश्चंद्रगड १४२४, सप्तशृंगी १४१६, अस्तंभा १३२५, हनुमान १०६३. पाठांतर पक्कं असतं. पण त्यातला आकडा डोंगराच्या नेमक्या कुठल्या दगडाचा आहे, सीमेच्या अलीकडचा की पलीकडचा, मंदिराचा कळस धरून की सोडून, हे यादीत नसतं. 'खान्देशातला सर्वात उंच बिंदू कुठला' या प्रश्नाचं उत्तर यादी पाठ करून मिळत नाही, ते ठरवावं लागतं. त्यासाठी सर्वेअर असण्याची गरज नाही. नकाशा वाचायची तयारी, थोडी चिकाटी आणि चालायला दोन पाय असले की पुरे. हा लेख पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. इथे उंची मोजणं हे दुय्यम काम आहे, मुख्य काम तुलनेचं आहे. यादीप्रमाणे आजच्या खान्देशात सर्वात उंच ठरणारा अस्तंभा १३२५ मीटर आहे की १३२९, याने काही बिघडत नाही. त्याच्याहून उंच दुसरी जागा ठरलेल्या सीमेत आहे की नाही, एवढंच कळायला हवं.

आधी सीमा ठरवा

हे काम घरी बसून होतं आणि निकाल बहुतेक वेळा इथेच फिरतो.

खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे, असं आपण सहज म्हणतो. पण १८६९ साली नाशिक जिल्हा झाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हा भाग खान्देशातून काढून नाशिकला जोडला गेला. साल्हेर बागलाणात. म्हणजे १८६९ पूर्वीचा खान्देश धरला तर सर्वात उंच बिंदू १५६७ मीटरचा साल्हेर, राज्यातला सर्वात उंच किल्ला, आणि चर्चा तिथेच संपते. भाषेच्या अंगाने पाहिलं तरी बागलाणात अहिराणी घरोघरी बोलली जाते. तिथल्या माणसाला 'तुम्ही खान्देशी नाहीत' असं सांगून बघा! जुन्या सुभ्यात बऱ्हाणपूर आणि आसीरगडही येतात, पण उंचीच्या स्पर्धेत आसीरगडाचा निभाव लागत नाही, त्यामुळे त्या बाजूने निकाल बदलत नाही.

दुसरं उदाहरण याहून जवळचं आहे. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खान्देश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा. अस्तंभा त्याच जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि एक दगडही न हलता धुळे जिल्ह्याचा सर्वात उंच बिंदू बदलला. अनेक जुन्या पुस्तकांत आणि त्यांवरून उतरवलेल्या मजकुरात अजून अस्तंभा धुळ्यातच आहे. म्हणून कुठलाही आकडा घेताना तो कुठल्या सालच्या सीमेवर बेतलेला आहे, हे पहिल्यांदा बघायचं.

या लेखापुरते मी आजचे तीन जिल्हे धरतो. तुम्ही जुना खान्देश धरला तरी हरकत नाही, फक्त तसं लिहून ठेवा.

आता सीमारेषा. इंटरनेटवर जिल्ह्यांच्या सीमांच्या ज्या फाइली फुकट मिळतात, त्या डोंगराळ भागात बऱ्याच ढोबळ असतात. सपाटीवर त्याने फरक पडत नाही, पण आपल्याकडचे उंच डोंगर नेमके सीमेवरच आहेत. उत्तरेला सातपुड्याच्या माथ्यावर मध्य प्रदेश लागतो, नैर्ऋत्येला साक्री आणि सटाणा (म्हणजेच बागलाण) तालुक्यांच्या मध्ये सेलबारीची रांग उभी आहे. पिंपळनेरहून ताहाराबादला जाताना आपण जी बारी ओलांडतो, ती हीच. याच रांगेत मांगी-तुंगी आहे. तो सटाणा तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात येतो, आणि प्रचलित आकडे मांगीला ४३४३ फूट, तुंगीला ४३६६ फूट देतात. मीटरमध्ये तुंगी सुमारे १३३१. अस्तंभा १३२५. सहा मीटरचा फरक! सेलबारीच्या धारेवर जिल्ह्याची सीमा कुठून जाते याला किती महत्त्व आहे, ते एवढ्यावरून लक्षात यावं. यासाठी गावनकाशे बघा. भूमी अभिलेख विभागाचे गावनकाशे आता महाभूनकाशा संकेतस्थळावर दिसतात आणि तालुक्याच्या कार्यालयात नक्कलही मिळते. वनहद्दीत गट नंबर नसतात, तिथे टोपोशीटवरची, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावरची, सीमा धरावी लागते.

सीमेबद्दल अजून एक, नवे लोक हमखास विसरतात ते. आपण शिखर शोधत नाही, बिंदू शोधतो. समजा शेजारच्या जिल्ह्यातला एखादा डोंगर १४०० मीटरचा आहे आणि आपली सीमा त्याच्या उतारावरून १३४० मीटरच्या उंचीने जाते. मग आपल्या हद्दीतला सर्वात उंच बिंदू तो उतारावरचा बिंदू असू शकतो. तिथे ना माथा, ना नाव. शिखरांच्या याद्यांत तो कधीच सापडणार नाही. शोध घ्यायचा तो सगळ्या हद्दीत, नुसत्या नावाजलेल्या डोंगरांत नाही.

नैसर्गिक कशाला म्हणायचं?

इमारत, मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी, बुरूज, तटबंदी, मंदिराचा कळस आणि चौथरा, यात्रेकरूंनी रचलेले दगड, हे काहीच धरायचं नाही. झाडाचा शेंडा नाही. वारूळ निसर्गाचंच असलं तरी पुढच्या पावसात बसतं, म्हणून तेही नाही. जमिनीत रुजलेला खडक किंवा मूळ जागची माती, एवढंच मोजायचं.

ऐकायला सोपं, पण आपल्याकडे जिथे माथा तिथे देव. साल्हेरच्या सर्वोच्च टोकावर परशुरामाचं मंदिर आहे. अशा ठिकाणी मूळ खडकाचा सर्वात उंच भाग जोत्याखाली गेलेला असतो. मग जोत्याला लागून जिथे मूळ खडक उघडा आहे, तिथली उंची घ्यायची आणि 'जोत्याखाली यापेक्षा उंच खडक असू शकतो' अशी नोंद करायची. चौथऱ्याची उंची टेपने मोजून ठेवली की वरची मर्यादाही कळते: खरा बिंदू उघड्या खडकाच्या वर आणि चौथऱ्याच्या माथ्याच्या खाली कुठेतरी आहे.

जमीन कापली किंवा भरली असेल तर प्रश्न अवघड होतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पवनचक्की उभी करताना पायासाठी माथा सपाट करतात, काढलेला मुरूम शेजारी पसरतात आणि वर रस्ता काढतात. अशा टेकडीवर आज उभं राहून मूळ माथा कुठे होता ते डोळ्यांनी कळत नाही. पण उपग्रहाच्या आकड्यांतून कळू शकतं, ते पुढे सांगतो. मांगी-तुंगीला २०१६ साली प्रतिष्ठापना झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती डोंगराच्याच अखंड दगडात कोरलेली आहे. दगड मूळचा असला तरी आकार माणसाने दिला, तेव्हा माझ्या मते अशी कोरीव शिळा नैसर्गिक बिंदूच्या हिशोबात घेऊ नये. कुणी वेगळं मत मांडलं तर मला ते ऐकायला आवडेल, पण नियम कामाआधी ठरलेला असावा. निकाल बघून नियम बदलायचा नाही.

नकाशावर उमेदवार शोधा

आता सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट काढा. १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या क्रमांकात खान्देश मुख्यतः ४६ या मालिकेत येतो: तोरणमाळ ४६ के मध्ये, साल्हेर ४६ एच मध्ये, जळगाव जिल्ह्याचा बराच भाग ४६ ओ आणि ४६ पी मध्ये.

टोपोशीटवर तीन प्रकारची माहिती मिळते. त्रिकोणाची खूण म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं स्टेशन. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू झालेल्या त्या कामाचे हे वारस. ठिपक्याशेजारी आकडा म्हणजे त्या ठिकाणची उंची. आणि तपकिरी रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा, ज्यांच्यामधला उंचीचा फरक बहुधा २० मीटर असतो. त्रिकोणाची उंची भरवशाची असते, पण स्टेशन डोंगराच्या सर्वात उंच दगडावरच असेल असं नाही. सर्वेअरला चहूबाजूंनी दिसणारी, तिपाई नीट बसणारी जागा हवी असते. सर्वोच्च दगड तिथून पन्नास पावलांवरही असू शकतो.

समोच्च रेषा वाचताना नवखे लोक एका जागी हमखास चुकतात. एखाद्या डोंगराची सर्वात वरची बंद रेषा १३०० ची आहे आणि माथ्यावर आकडा दिलेला नाही. याचा अर्थ तो डोंगर १३०० मीटरचा आहे असा नाही. तो १३०१ असेल किंवा १३१९ असेल. म्हणजे १३१५ असा आकडा छापलेला डोंगर, आकडा नसलेल्या १३०० च्या बंद रेषेच्या डोंगरापुढे हरू शकतो. शिवाय रेषा काढतानाच दहा मीटरपर्यंतचा फरक राहू शकतो. आपल्या बाबतीत हिशोब असा: प्रचलित सर्वोच्च आकडा १३२५, म्हणून १३०० ची बंद रेषा असलेला प्रत्येक माथा उमेदवार. छापील आकडा १३१० च्या खाली असलेले सोडून द्यायला हरकत नाही. आकडा नसलेला एकही सोडायचा नाही.

जुन्या शीटवर उंची फुटांत असेल तर ०.३०४८ ने गुणा. आणि जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे फोनमध्ये टाकू नका. ते एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती नमुन्यावर, बेतलेले आहेत आणि फोन डब्ल्यूजीएस-८४ या नव्या नमुन्यावर चालतो. खूण शेजारच्या उतारावर पडते आणि मग आपण तिथे नसलेलाच माथा शोधत फिरतो.

उपग्रहाचे आकडे

कागदावरची यादी झाली की संगणकावरून ती पडताळा. क्यूजीआयएस हा नकाशांवर काम करण्याचा मोफत प्रोग्रॅम घ्या. उंचीचे आकडे तीन ठिकाणांहून फुकट मिळतात: फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडारने घेतलेला एसआरटीएम, जर्मन उपग्रहांच्या २०११ ते २०१५ मधल्या नोंदींवरून केलेला कोपर्निकस, आणि आपल्या कार्टोसॅट-१ वरून तयार झालेला, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम. तिन्हींत साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा असतो. एसआरटीएमचे तुकडे एकेका अंशाचे असतात. खान्देशासाठी अक्षांश २० आणि २१ चे, रेखांश ७३ ते ७६ चे सगळे तुकडे घ्या. सातपुड्याच्या उत्तर टोकाचा थोडा भाग बावीस अंशांच्या वर जातो, तो तुकडा विसरू नका.

तुकडे जोडा, तुमच्या सीमेने कापा, मग त्याच प्रोग्रॅममधल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये १२७० च्या वरचे चौकोन वेगळे काढा. पडद्यावर काही ठिपके उरतील. त्यांची तुमच्या टोपोशीटच्या यादीशी गाठ घाला. संगणक दाखवतो पण कागदावर नाही, किंवा उलट, असा प्रत्येक ठिपका नीट तपासा.

१३२५ सोडून १२७० वर का उतरायचं? कारण एक चौकोन म्हणजे तीस मीटर जागेची सरासरी. तोरणमाळसारख्या पठारावर सरासरी आणि माथा यांत फार फरक पडत नाही. पण अस्तंभ्यासारख्या टोकदार डोंगरावर माथ्याचा दगड चार-पाच मीटरांचा आणि बाकीचा चौकोन उताराचा. तिथे उपग्रह खऱ्या उंचीपेक्षा वीस-तीस मीटर कमी सहज दाखवतो. बसाल्टचे सपाट माथे आणि सुळके यांची उपग्रहाच्या आकड्यांवरून थेट तुलना केली तर सुळक्यांवर अन्याय होतो. खान्देशात दोन्ही आहेत, म्हणून हे ध्यानात ठेवाच. सागाच्या दाट जंगलात उलटं होतं. रडारला झाडांचे शेंडेही थोडेफार दिसतात आणि उंची वाढून येते.

आता पवनचक्कीच्या टेकडीचं. एसआरटीएम २००० चा आणि कोपर्निकस त्यानंतर दशकभराने घेतलेला. एकातून दुसरा वजा करा. जिथे आसपास फरक शून्याजवळ आहे आणि एका माथ्यावरच तो पाच-दहा मीटरने खाली आहे, तिथे कापणी झालेली असण्याची शक्यता मोठी. हे सूक्ष्म काम नाही, पण कुठे जाऊन बघायचं ते कळतं.

या सगळ्यानंतर यादीत पाच-सात जागा उराव्यात. वीस उरल्या तर तुमची सीमा किंवा गाळणी सैल आहे.

डोंगरावर जायचं कधी आणि कुणाला विचारायचं

दिवाळीनंतर ते जानेवारी अखेरपर्यंत. पावसाळ्यात माथे ढगात असतात आणि पाऊलवाटा गवतात. मार्चपासून खान्देशचं ऊन सांगायला नको. फेब्रुवारीनंतर वरचे झरेही आटू लागतात.

अस्तंभ्याला धनत्रयोदशीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. अश्वत्थामा आजही कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत सातपुड्यात फिरतो, ही श्रद्धा इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मोजणीला यात्रेच्या दिवसांत जाऊ नका. माथ्यावर उभं राहायला जागा नसते आणि लोकांच्या दर्शनात आपली तिपाई मधे येते. इतर दिवशी जाताना पायथ्याच्या गावात थांबा, कशासाठी आलोय ते सांगा, गावातलाच एखादा वाटाड्या त्याचे पैसे ठरवून सोबत घ्या. पावरा आणि भिल्ल पाड्यांवरच्या लोकांना कुठल्या धारेवरून कुठला डोंगर वरचढ दिसतो हे गुरं चारून चारून माहीत असतं. 'त्याहून तो पलीकडचा मोठा दिसतो' असं म्हातारा माणूस सांगतो, तेव्हा नकाशावर ती खूण करून घ्या. ते निकालाचं प्रमाण नाही, पण यादीत नसलेली जागा अशीच कळते. देवस्थानाजवळ चपला काढा, आणि मूर्तीवर किंवा देवाच्या दगडावर कधीही काठी टेकू नका. शेजारच्या खडकावरून सगळं होतं. अभयारण्यात जायचं असेल, यावलच्या बाजूला विशेष करून, तर वनविभागाची परवानगी आधी काढा.

एकाच माथ्यावरचे दोन दगड

वर पोचलात. समोर दोन-तीन खडक, सगळे सारखेच उंच वाटतात. इथे जीपीएस उपयोगाचं नाही. गवंड्याचा लेव्हल पाइप लागतो, तोच पारदर्शक नळीचा, जो घराचं जोतं काढताना वापरतात.

वीस मीटर नळी घ्या. एका टोकाने हळूहळू पाणी भरा आणि रंग दिसावा म्हणून त्यात निळीचे दोन थेंब टाका. मग नळी बोटाने टिचक्या मारत सगळे बुडबुडे वर घालवा. एक बुडबुडा राहिला तरी आकडा खोटा येतो, म्हणून यात घाई नको. दोघांनी टोकं अंगठ्याने बंद करून आपापल्या खडकावर जायचं, नळी उभ्या काठीला धरायची आणि दोघांनी एकदमच अंगठे काढायचे. पाणी वरखाली होतं, मग स्थिर होतं. स्थिर झाल्यावर खडकापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. एकाकडे ९२ सेंटिमीटर आणि दुसऱ्याकडे १०७ सेंटिमीटर आलं तर ९२ वाला खडक १५ सेंटिमीटरने उंच. आकडा लहान, तो खडक वर. मग जागा अदलाबदल करून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा सेंटिमीटरभरात जुळलं तर काम झालं. तिठ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ही नळी इतक्या अंतरात भल्याभल्या यंत्रांच्या तोडीची आहे.

दोन डोंगरांची तुलना

दोन माथे एकमेकांना दिसत असतील तर यंत्राने आडवी नजर टाकून तुलना करता येते. बांधकामवाल्यांकडे ऑटो लेव्हल असतो, तो भाड्याने मिळतो. एका माथ्यावर तो लावा आणि आडव्या तारेवर दुसरा माथा कुठे येतो ते बघा. तारेच्या बराच खाली असेल तर तो खाली, हे उघड आहे. जवळपास असेल तर तीन दुरुस्त्या कराव्या लागतात.

पहिली म्हणजे यंत्राची स्वतःची उंची. तार समोरच्या माथ्याला बरोबर टेकली, तर तो तुमच्या पायाखालच्या खडकापेक्षा यंत्राच्या उंचीएवढा, म्हणजे साधारण दीड मीटर, जास्त आहे.

दुसरी पृथ्वीच्या वक्रतेची. दूरचा डोंगर पृथ्वीच्या गोलाईमुळे खाली गेलेला दिसतो आणि हवेतल्या वक्रीभवनामुळे थोडा वर उचललेला. दोन्हींचा मिळून परिणाम मीटरमध्ये साधारण ०.०६७ गुणिले अंतराचा वर्ग, अंतर किलोमीटरमध्ये. तीन किलोमीटरवर साठ सेंटिमीटर, दहा किलोमीटरवर पावणेसात मीटर, वीसवर सत्तावीस मीटर. नुसत्या डोळ्यांनी 'समोरचा डोंगर आपल्यापेक्षा खाली दिसतो' असं म्हणून जे दावे केले जातात, त्यांतले कितीतरी या एका हिशोबात कोसळतात. वक्रीभवन सकाळ-संध्याकाळ फार बदलतं, म्हणून ही नजर दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान टाकायची.

तिसरी यंत्राच्या तारेची चूक. तिचा उपाय जुना आणि रामबाण: दोन्ही माथ्यांवरून एकमेकांकडे बघा. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे आलेल्या फरकांची सरासरी घेतली की वक्रता आणि तारेची चूक दोन्ही बहुतांशी कटतात. एक अख्खा दिवस जास्त जातो. तो द्यावा.

अस्तंभा आणि सेलबारी एकमेकांपासून इतके लांब आहेत की ही पद्धत तिथे चालणार नाही. मधे तापीचं खोरं आहे. तिथे आकडाच लागतो.

समुद्रसपाटीपासूनचा आकडा

फोनमधलं जीपीएस उंचीच्या बाबतीत आडव्या जागेपेक्षा दीड-दोन पट कच्चं असतं. शिवाय काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात, काही पृथ्वीच्या गणिती गोलाभापासूनची. भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या गोलाभाच्या खाली आहे, आपल्या भागात पन्नास मीटरहून जास्त. त्यामुळे गोलाभाची उंची दाखवणारं अ‍ॅप अस्तंभ्याला पावणेतेराशेच्या आत आणून ठेवतं आणि माणूस गोंधळतो. तपासायचं कसं? घराजवळच्या रेल्वे स्टेशनवर जा. पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिथे अ‍ॅपचा आकडा बघा. पन्नास-साठ मीटर कमी दाखवत असेल तर ते गोलाभाचं आहे.

वायुदाबाचं घड्याळ किंवा फोनमधला बॅरोमीटर वापरणाऱ्यांसाठी: तेराशे मीटरवर एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे साडेनऊ मीटर. आपल्याकडे हवा स्वच्छ असली तरी सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वात जास्त असतो आणि दुपारी चारला सर्वात कमी. तेवढ्यात तीन-चार हेक्टोपास्कल उतरतात. म्हणजे माथ्यावर नुसतं बसून राहिलात तरी दुपारपर्यंत घड्याळ तुम्हाला तीसेक मीटर वर चढवतं. एक माणूस पायथ्याला दुसरा बॅरोमीटर घेऊन दर दहा मिनिटांनी नोंद करत बसला, तरच ही पद्धत उपयोगी.

खरा निकाल लागतो तो मोजणीवाल्यांच्या रोव्हरने. शेताची मोजणी करायला येतात तेच यंत्र. ते कायम चालू असलेल्या संदर्भ स्टेशनांच्या जाळ्याला जोडून उंची काही सेंटिमीटरपर्यंत देतं. डोंगरावर मोबाइलची रेंज नसेल तर दोन तास नोंद करून नंतर संगणकावर हिशोब करतात. खासगी सर्वेअर हे काम करून देतात. दोन अंतिम उमेदवार दहा मीटरच्या आत असतील तर हा खर्च करा, नसतील तर गरज नाही. मात्र दोन्ही माथ्यांवर एकच यंत्र, एकच पद्धत आणि समुद्रसपाटीचं एकच मॉडेल वापरा. एकाचा आकडा टोपोशीटचा आणि दुसऱ्याचा रोव्हरचा अशी तुलना ग्राह्य धरू नका. जुन्या नकाशांचं शून्य १९०९ च्या जुळणीचं आहे, कराचीपासून विशाखापट्टणमपर्यंतच्या आणि त्यापलीकडच्या मिळून नऊ भरती-केंद्रांवर बेतलेलं, आणि नव्या मोजणीचं शून्य वेगळं असू शकतं.

नोंद

शेवटी कागदावर एवढं हवं: सीमा कुठल्या सालची आणि कुठल्या नकाशावरून, नैसर्गिक कशाला मानलं, उमेदवार कोणते आणि प्रत्येक का गळाला, माथ्यावरचा नेमका खडक कुठला, आकडा किती आणि त्यात कमी-जास्त किती. खडकाचे दोन फोटो असावेत. एकात काठी उभी केलेली, दुसऱ्यात जवळचं जोतं किंवा ओळखीची खूण येईल असा. गळालेल्या उमेदवारांची कारणं जरूर लिहा. पुढचा माणूस तिथूनच सुरुवात करतो.

पहिल्यांदाच करणार असाल तर सगळा खान्देश एकदम अंगावर घेऊ नका, जळगाव जिल्ह्यापासून सुरू करा. उत्तरेला चोपडा, यावल, रावेरच्या वरचा सातपुडा आणि दक्षिणेला चाळीसगावच्या मागची अजिंठ्याची रांग, अशा दोन टोकांना दोन रांगा आहेत, मधे तापी आणि गिरणेची सपाटी. परीक्षेच्या यादीत जळगावचा एकही आकडा नाही, त्यामुळे आधीचं कुठलंही उत्तर डोक्यात बसलेलं नसतं. टोपोशीट ४६ ओ आणि ४६ पी उतरवा, चाळीसगावसाठी शेजारचा ४६ एल बघा, आणि दोन्ही रांगांतल्या सर्वात वरच्या बंद रेषा पेन्सिलने गिरवायला घ्या.